शुक्रवारची कढी

दिग्रसच्या स्टँडसमोरची ती कढी इतकी आंबट होती, की पहिला घोट घेताच ऋचाचा उजवा डोळा आपोआप मिटला. नेमका त्याच वेळी टपरीवाला कपिल तिच्याकडे बघत होता. आता अनोळखी मुलीनं भर दुपारी, भर चौकात, आपल्याकडे बघून एक डोळा मिटला, तर त्या बिचाऱ्यानं काय समजायचं? कपिलच्या झाऱ्यातला आलूबोंडा घरंगळून पुन्हा तेलात पडला.

“काय झालं जी?”

“भाऊ... ह्या कढीत घातलंय तरी काय?”

“ताक.”

“आणि?”

“अन... चिंच थोडीशी. वरून लिंबू.” तो ओशाळला. “लय आंबट झाली काय?”

“आंबट? अहो, माझे दात—” असं म्हणत ती हसायला लागली आणि हसता हसता एकदम थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली वाटी तिनं घाईनं फळीवर ठेवली. “आज शुक्रवार आहे ना?”

“हो. काहून?”

“अरे देवा... मोडला माझा शुक्रवार!”

ऋचा यवतमाळची. वडील, नंदकिशोर, सरकारी नोकरीतून निवृत्त. आई सुनीतीबाई घरी. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती दिग्रसच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. म्हणजे दर जूनमध्ये नवा अर्ज आणि दर एप्रिलमध्ये नारळ. सकाळच्या एसटीनं यायचं, दुपारच्या एसटीनं परत. वय अठ्ठावीस. हे वय मुलीपेक्षा तिच्या आईलाच जास्त झोंबतं, म्हणून सुनीतीबाईंनी तिला संतोषीमातेचे सोळा शुक्रवार धरायला लावले होते. प्रवासामुळे उपास माफ होता. आंबट मात्र माफ नव्हतं. शुक्रवारी चिंच, लिंबू, दही, ताक, लोणचं, काही म्हणजे काही तोंडात जाता कामा नये. गेलं, की मोजणी पुन्हा एकपासून.

हे कपिलला समजावून सांगायची गरज नव्हती. जिथं आई, काकू, मावशी यांपैकी एकीनं तरी हे व्रत केलेलं नाही असं घर आपल्याकडे शोधूनच काढावं लागेल.

“अगाई... संतोषीमातेचा? अन मीच कढी देल्ली तुमाले!” त्यानं कपाळावर हात मारला. “कितवा होता?”

“पाचवा.”

“अन धरला कायसाठी होता?”

आई देवीपुढे हात जोडून रोज म्हणायची, ‘माझ्या पोरीचं पक्कं होऊ दे.’ पण बोंडे तळणाऱ्या अनोळखी माणसाला कोणी ‘लग्न’ हा शब्द सांगतं का? ऋचानं तो गिळला आणि उरलेलं तेवढं सांगितलं.

“पक्कं व्हावं... म्हणून.”

कपिलनं समजून मान हलवली. दहाच मिनिटांपूर्वी त्याच्याच बाकावर बसून ती मैत्रिणीला फोनवर सांगत होती, ‘तीन वर्षं झाली गं, अजून पक्की करत नाहीत.’ ते त्यानं ऐकलं होतं. नोकरीच ती, दुसरं काय असणार?

“होईल पक्कं,” तो म्हणाला. “पुन्हा धरा तुमी. आता माह्या हातून नाई मोडू देत.”

तिला त्याची चूक तेव्हाच कळली होती. ती दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. पण समोर यवतमाळची एसटी लागली, आणि ती पळाली.

घरी आई रडली. मग डोळे पुसून तिनं कॅलेंडरवर पुढच्या शुक्रवारी पहिला आकडा घातला.

सोमवारी ऋचा पुन्हा टपरीवर आली. खरं तर स्टँडवर अशा चार टपऱ्या होत्या. का आली, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. कपिलनं बाक पुसून दिला, बोंडा दिला आणि कढीचा डाव हातात धरून तसाच उभा राहिला.

“आज सोमवार आहे, भाऊ. आज चालते मला कढी.”

“चालते न?” त्यानं खात्री करून घेतली. “देऊ?”

तिनं घोट घेतला. पुन्हा उजवा डोळा मिटला. ह्या वेळी कपिल हसला, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. त्यानं डाव खाली ठेवला.

“खरं सांगू काय मॅडम? मले वासच येत नाही, चव बी कळत नाही. कोरोनात गेला. लोकांचा परत आला, माहा नाई आला. बोंडा खाल्ला त गरम लागते, मऊ लागते... बस. आलू हाय का साबण, डोळे मिटून सांगता येत नाही मले. फक्त आंबट तेवढं कळते. मंग हात तिकडेच जाते. रोज वाटते, अजून थोडं टाकू. तेवढंच मले काहीतरी खाल्ल्यासारखं वाटते.”

बाजूच्या बाकावर एक गिऱ्हाईक बोंडा संपवून, कढीची भरलेली वाटी तशीच ठेवून उठलं. कपिलनं ती उचलली आणि धुवायला घेतली.

ऋचाला आत कुठेतरी फार वाईट वाटलं. दिवसभर लोकांना खाऊ घालणारा माणूस, आणि त्याच्या तोंडाला चवच नाही! ती म्हणाली, “माझी गाडी सकाळी साडेआठला येते. उद्यापासून कढीला उकळी आली की मला दाखवत जा. मी सांगेन कमी-जास्त.”

“रोज?”

“रोज. शुक्रवार सोडून.”

असं ते सुरू झालं. ऋचा चाखायची आणि सांगायची, “आज लिंबू नको”, “ताक कालचं दिसतंय, पाणी वाढवा.” एकदा तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आंबटपणा मोजायची रंगीत कागदाची पट्टीच घेऊन आली. मोठ्या ऐटीत तिनं पट्टी कढीत बुडवली, आणि ती हळदीनं पिवळीजर्द होऊन बाहेर आली. आता त्यातून आंबटपणा कसा वाचायचा?

“काय म्हणते तुमचं सायन्स?” कपिलनं मान वाकडी करून विचारलं.

“सायन्स म्हणतं, हळद चांगल्या प्रतीची आहे.”

“मंग तुमची जीभच बरी. थे मॅडमसारखी नाही बोलत. सिधी डोळा मारते.”

“कपिल!”

“डोळा मिटते म्हणतो जी... मिटते.”

ती लाल झाली आणि खूप दिवसांनी मनापासून हसली. तोंडातून ‘भाऊ’ निसटून गेलं होतं आणि ‘कपिल’ आलं होतं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. त्याच्या मात्र ताबडतोब आलं होतं. बोंड्याचं पीठ फेटताना त्याचा हात उगाचच भरभर चालायला लागला.

कढी सुधारली तशी गिऱ्हाइकं परत आली. जिनिंगकडे कापूस घेऊन जाणारे गाडीवाले, शाळेतले मास्तर, पुसदच्या गाडीचे कंडक्टर. गर्दी ओसरली, की तो तिच्या बाकाजवळ येऊन काहीतरी विचारायचा. विचारण्यासारखं नसलं तरी विचारायचा.

“मॅडम, तुमी केमिस्ट्रीच्या. मले एक सांगा, बोंड्यासंगं कढीच काहून लागते? समोशाले चिंच, भज्याले कढी, पापडावर लिंबू... आंबटच काहून?”

“तळलेलं खाल्लं, की जिभेवर तेलाचा पातळ थर बसतो,” ती सांगू लागली. “पहिला घास छान लागतो. दुसरा, तिसरा... मग चव बोथट होत जाते. आंबट आलं की तोंडाला पाणी सुटतं, तो थर सुटतो, जीभ जागी होते. मग पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो.”

“म्हंजे कढी असली, की दर घास पयलाच?”

“हो, तसंच.”

कपिलनं कढईतला बोंडा उलटवला. “काही लोकं बी तसेच राह्यते,” तो हळूच म्हणाला. “रोज दिसते, तरी रोज पयल्यांदाच दिसल्यावानी वाटते.”

“कोण लोकं?”

“गिराईक... गिराइकाचं म्हणून राह्यलो मी.”

ऋचानं वाटी तोंडाला लावली, म्हणजे तोंड लपलं. त्या दुपारच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली नाही, दारव्ह्यापर्यंत उभं राहावं लागलं, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

शुक्रवारी मात्र कपिल तिला कढीच्या आसपास फिरकू द्यायचा नाही. बोंडाही वेगळ्या कागदात, वेगळ्या चिमट्यानं. एकदा तिनं नुसता डावाला हात लावला, तर तो केवढ्यानं ओरडला! “मॅडम, कितवा हाय आज?” तो दर शुक्रवारी विचारायचा. सहावा. नववा. अकरावा. आकडा ऐकून त्याचा चेहरा खुलायचा, आणि ऋचा मान खाली घालून बोंडा खात राहायची. ह्याला वाटतंय, हिची नोकरी पक्की झाली, की ही कायमची दिग्रसची झाली. आणि ती रोज ठरवायची, की उद्या सांगून टाकू. तिच्या त्या ‘उद्या’चा मला राग येतो. पण आपणही आयुष्यात असे किती उद्या काढलेले असतात, म्हणून जास्त बोलत नाही.

बाराव्या शुक्रवारी आईनं एक फोटो दाखवला. साकेत. पुण्यात इंजिनिअर, मूळचे इकडचेच लोक, शांत मुलगा, काही मागणं नाही. नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि तीच मोठी अडचण होती.

“त्यांना घाई आहे,” सुनीतीबाई म्हणाल्या. “पण मी स्पष्ट सांगितलं, सोळावा शुक्रवार होईपर्यंत बोलणी नाहीत. देवीचा शब्द आहे. सोळाव्याला उद्यापन, त्याच संध्याकाळी ते येतील आणि पक्कं करूनच जातील. मार्चमध्ये साक्षगंध.”

“आई, मला जरा वेळ—”

“अठ्ठावीस वर्षं वेळच दिला, ऋचा.”

म्हणजे आता चार शुक्रवार. तेवढ्यात ती घरी बोलली नाही, तर पुणे. आणि घरी बोलायचं तरी काय? कपिलनं अजून तिला एक शब्द सांगितलेला नव्हता. ‘आई, स्टँडवर बोंडे विकणारा एक मुलगा आहे, त्यानं मला काही विचारलेलं नाही, पण मला तोच हवा आहे,’ असं सांगायचं? तिला रडू येईना आणि झोपही येईना.

जानेवारीत अवकाळी पाऊस आला. दुपारी दोनला अंधारून आलं, कापसाच्या गाड्यांवर ताडपत्र्या टाकायला माणसं धावली, आणि टपरीच्या टिनावर असा मारा सुरू झाला, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. बाकावर ऋचा एकटीच होती. टिनाला भोक होतं तिथून बरोबर तिच्या खांद्यावर थेंब पडत होते. कपिल आला आणि त्या भोकाखाली उभा राहिला.

“तुम्ही भिजाल ना...”

“मी कढईपुढचा माणूस. मले बरंच वाटते.”

थेंब त्याच्या केसातून कपाळावर आला, कपाळावरून नाकावर. त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं होतं. दोघांनीही ते काढून घेतलं नाही. ओल्या कापसाचा, तळणाचा, मातीचा वास तिथं मिसळला होता आणि त्यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं, हे आठवून तिला भरून आलं.

“मॅडम... तुमचं पक्कं झालं न, की मी एक गोष्ट सांगणार हाओ तुमाले.”

“आत्ता सांगा.”

“आता नाई.”

“का?”

“आधी पक्कं होऊ द्या. तुमचं मन दोन ठिकाणी कायले ठेवाचं? सोळावा झाला, की सांगतो.”

“कपिल, ऐका... ते पक्कं म्हणजे—”

पुढचं टिनावरच्या पावसात गेलं. “काय म्हणलं?” तो कान पुढे करून विचारत होता, आणि ऋचाला तेच वाक्य दुसऱ्यांदा उच्चारायचं धैर्य झालं नाही. “काही नाही,” ती म्हणाली.

मग तिनं एक पळवाट शोधून काढली. शुक्रवार मोडायचा. चुकून मोडला असं सांगायचं, पहिल्या वेळेसारखा. आई रडेल, पण कॅलेंडरवर पुन्हा पहिला आकडा घालेल. पुन्हा सोळा आठवडे. पुण्याचे लोक थांबले तर थांबले, नाहीतर दुसरीकडे जातील. तेवढ्यात कपिलला खरं सांगता येईल. पण तेरावा शुक्रवार तिनं भीतीनं घालवला, चौदावा देवीच्या भीतीनं, पंधरावा आईच्या तोंडाकडे बघून. म्हणता म्हणता सोळावा आला.

त्या दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकल होती, सुट्टी मिळाली नव्हती. ‘चारच्या आत घरी ये,’ आईनं बजावलं होतं. ऋचा साडेबाराला टपरीवर आली. स्टँडवर लिंबूवाला बसला होता, चिंच-गोळ्यांची बरणीही होती. पण तिला ते नको होतं. मोडायचाच तर तो कपिलच्या कढीनं मोडायचा होता.

“कढी द्या,” ती म्हणाली.

“आज शुक्रवार हाय.” कपिल हसला. “सोळावा! इसरल्या काय?”

“नाही विसरले. द्या.”

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग पाठ फिरवली, मागच्या फळीशी थोडा वेळ काहीतरी केलं आणि वाटी आणून दिली. पिवळी, गरम, वर कढीपत्ता. ऋचानं डोळे मिटले, मनातल्या मनात देवीची माफी मागितली आणि सगळी वाटी एका दमात पिऊन टाकली.

डोळा मिटला नाही. दात शिवशिवले नाहीत. तोंडाला पाणीसुद्धा सुटलं नाही. बेसनाचं, हळदीचं गुळमट, मचूळ पाणी नुसतं घशाखाली उतरलं.

“ही... कढी नाही.”

“कढीच हाय. बिनआंबटाची.” त्याला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं, की लपवता येईना. “पयल्या खेपेले माह्याच हातून मोडला होता न. तवापासून दर शुक्रवारी एक छोटा गंज भरून अशी कढी वेगळी ठेवतो. दूध, बेसन, हळद. म्हटलं, मॅडम भुकेल्या येते, एखाद्या दिवशी इसरून मागतीन. आज कामी आला पाहा.”

ऋचानं रिकामी वाटी फळीवर ठेवली.

“अन अजून एक सांगू काय? हसान तुमी.” त्यानं आवाज खाली आणला. “म्या बी पाळले. सोळाही. शुक्रवारी आंबटाले जीभ नाई लावली. कढी बी नाई चाखली. म्हणून त शुक्रवारची कढी अशी-तशीच होते, लोकं शिव्या देते. देऊ द्या. देवीले म्हणलं, मॅडमचं पक्कं कर. दोघांचे मिळून बत्तीस होते, तिले आयकाच लागन.”

ह्या माणसाला जगातली एकच चव कळत होती. ती त्यानं दर शुक्रवारी सोडली होती, आणि कशासाठी, तर ऋचा साकेतची व्हावी म्हणून. त्याला ठाऊक नव्हतं, तिला होतं. लिंबूवाला अजून तिथंच बसला होता. पण आता तिच्यानं लिंबाला हात लावणं शक्यच नव्हतं. स्वतःचं व्रत तिनं मोडलं असतं. त्याचं कसं मोडणार?

“आज दिवा लागला, की झालं,” कपिल म्हणाला. “मी सोमवारी सांगतो, थे... सांगाचं हाय न, थे.”

बोंडा तिच्या हातात तसाच होता. तिनं एक घास खाल्ला. उरलेला तसाच कागदात गुंडाळला, आणि गाडी लागली म्हणून ती उठली.

संध्याकाळी घर भरलं होतं. उद्यापन झालं, आरती झाली. साकेत, त्याचे आई-वडील पाटावर बसले. खीर, पुऱ्या, हरभऱ्याची भाजी, गरमागरम भजी. ऋचा साडी नेसून वाढत होती. साकेत खरंच चांगला होता. ती वाढताना तो तिच्या पदराकडे नाही, ताटाकडे बघत होता. तिसरं भजं खाल्ल्यावर त्यानं संकोचून विचारलं,

“काकू... लोणचं मिळेल का थोडं? किंवा लिंबाची फोड? तळलेल्याबरोबर काहीतरी आंबट लागतं मला.”

ऋचानं आईकडे पाहिलं. ह्याच आईनं कढीच्या एका घोटापायी पाच शुक्रवार पुसून टाकले होते. दर गुरुवारी रात्री ती लोणच्याची बरणी फडक्यात बांधून माळ्यावर ठेवायची. आता ती क्षणभर घुटमळली. मग स्टुलावर चढली, बरणी काढली आणि स्वतःच्या हातानं फडक्याची गाठ सोडली.

“आई, शुक्रवार आहे,” ऋचा स्वयंपाकघरात कुजबुजली. “उद्यापनाचं ताट आहे ते.”

“झालं ना उद्यापन. ज्यासाठी धरलं, ते देवीनं दारात आणून बसवलं.” आईच्या डोळ्यांत आनंदानं पाणी होतं. “आता घरच्या माणसाला नाही म्हणू का? देवी काही इतकी कठोर नसते, ऋचा. जा, वाढ.”

इथं तिनं बोलायला हवं होतं. बरणी खाली ठेवून, सगळ्यांसमोर. मी असते तर बोलले असते, असं आपल्याला बसल्या जागी वाटतं. ऋचाचे ओठ हललेही. पण बाहेरून वडिलांचं हसणं ऐकू आलं. ते इतक्या मोकळेपणी कित्येक वर्षांत हसले नव्हते. ती गेली आणि तिनं वाढलं. कैरीची फोड ताटात पडली, साकेत ‘थँक्यू’ म्हणाला आणि त्यानं भजं मोडलं.

रात्री आठच्या आत पक्कं झालं.

सोमवारी ती दिग्रसला गेली ती प्रॅक्टिकलचे गुण द्यायला आणि उरलेले तास सोडतेय, असं लिहून द्यायला. टपरीवर गर्दी नव्हती. कपिलनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. तळणापुढे इस्त्रीचा शर्ट! ती दिसताच त्यानं गॅस बारीक केला.

“झालं पक्कं?”

“झालं.”

“झालं?” तो ओरडलाच. “मी म्हणलं नोतं? बसा तुमी, आज मी... आज मले सांगाचं हाय न—”

“आधी मी सांगते, कपिल.”

तिचा आवाज ऐकून तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. तिनं सगळं सांगितलं. पक्कं म्हणजे काय होतं ते. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, ते. शुक्रवारी ती कढी कशासाठी मागत होती, ते. आणि लोणच्याचं.

“अन लोणचं... कोनं वाढलं?”

“मी.”

कढईतलं तेल नुसतंच तापत होतं. त्यात काही नव्हतं. कपिलनं उठून गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन बसला. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“तुमची काही चूक नाही,” तो शेवटी म्हणाला. “माहीच हाय. सोळा हप्ते देवीले सांगत राह्यलो. तुमाले सांगाचं राह्यलं.”

ऋचाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. यवतमाळची गाडी फलाटाला लागली. कंडक्टर दारात उभा राहून ‘दारव्हा, यवतमाळ’ ओरडू लागला. ती उठली. तोही उठला.

“आता... सांगू काय?” कपिलनं विचारलं. “एकडाव. नुसतं सांगतो.”

“नको,” ती म्हणाली. “आता नका सांगू.”

म्हणाली, आणि तशीच उभी राहिली. पर्स चाचपली, ओढणी नीट केली, उगाच वेळ काढला. एकदा तरी ह्यानं आपलं ऐकू नये, असं तिला जिवाच्या आकांतानं वाटत होतं. त्यानं म्हणावं, मोठ्यानं म्हणावं, सगळ्या स्टँडला ऐकू जावं, आणि मग काय व्हायचं ते होऊ दे. ती गाडीत चढणार नाही.

कपिलनं तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली, आणि तोंड मिटून घेतलं. तिनं सांगितलेलं त्यानं आजवर काही मोडलं नव्हतं. हेही मोडलं नाही.

ती गाडीत चढली.